चेंडू दिसेपर्यंत

ताई कॅसेट हातात घेतली की आधी हुंगते. बुरशीचा वास आला की विचारते, "कपाटात ठेवली होती की मोरीत?"

कॅसेटचे पाच स्क्रू काढले की बशीत मांडते. ज्या कोपऱ्यातला स्क्रू, बशीत त्याच जागी.

चहा उभ्यानेच पिते, मशीनपासून चार हात लांब, दाराशी.

कुणी "जुनंच आहे, चालेल कसंही" म्हटलं की कॅसेट परत करते. "मग घरीच चालवा," म्हणते.

"माफ करा" हे शब्द ती उच्चारत नाही. कुणाला धक्का लागला तर "लागलं का?" एवढंच विचारते.

दुकानात कुठलंही मशीन आलं, नवं असो की भंगारातलं, त्यात पहिल्यांदा स्वतःची एक टेप लावते. मिनिटभर बघते. काढून घेते. मग कामाला लागते.

या शेवटच्या सवयीचा अर्थ मला दोन वर्षं कळला नाही. कळला तेव्हा मी पूर्णपणे तिच्या बाजूने होते. आजही आहे. पण आता मला तिची थोडी भीती वाटते.

जुन्या व्हिडिओ कॅसेटी साफ करून कॉम्प्युटरवर उतरवायचं ताईचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. डॉक्टरांचं ड्रिल सुरू झालं की ताईच्या पडद्यावर एक बारीक आडवी रेघ धावते. म्हणून महत्त्वाच्या टेपा ती डॉक्टरांच्या जेवणाच्या सुट्टीत लावते. एक ते अडीच. त्या दीड तासात तिच्याशी कुणी बोलत नाही. बोललं तर तिला ऐकू येत नाही.

मी पहिल्यांदा गेले ती आईची टेप घेऊन. आई कॉलेजात असताना एका नाटकात होती. चौकातल्या स्टुडिओने ती टेप कॉम्प्युटरवर उतरवून दिली होती. आईने पाहिलं आणि म्हणाली, "ही मी आहे होय? मला वाटलं भोपळा." मी साहित्यात एम.ए. करून घरी बसले होते, वेळ भरपूर होता. कुणीतरी जिन्याखालच्या बाईचं नाव सांगितलं.

ताईने स्टुडिओचं काम अर्धं मिनिट पाहिलं.

"चेहऱ्याला इस्त्री केलीय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रात दाणे दिसले म्हणून पुसून टाकले. दाण्यांबरोबर नाक गेलं. टेप कुठाय?"

तिने टेप उघडली. मशीनची टोपी काढून आतला गोल ड्रम मऊ कातड्याने पुसला. मशीनवर चित्र धारदार करायचं एक बटण होतं, ते बंद केलं. "हे बटण खोटारडं आहे. नसलेल्या कडा काढून दाखवतं." पिवळ्या टोकाची वायर बाजूला सारून दुसरी जोडली, ज्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. मधे एक काळी पेटी. थरथरणाऱ्या ओळी ती पेटी ओळीत उभ्या करते, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखी. मग ताईने मला एक गोष्ट सांगितली, जी मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. टेपवरचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं विणलेलं असतं. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. आळशी लोक त्यातलं एक अर्धं फेकून देतात.

"आणि गिऱ्हाइकाला सांगतात, टेपच खराब होती. काम ह्यांचं, खापर टेपवर." हे बोलताना तिचा आवाज कामाच्या मानाने फारच कडवट होता. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

आठ दिवसांनी आईने टेप पुन्हा पाहिली. तिला स्वतःच्या पापण्या दिसल्या. मागे उभी असलेली मैत्रीण वाक्य विसरून नुसते ओठ हलवत होती, तेही दिसलं. आई हसून हसून रडली. मी ताईला सांगायला गेले आणि तिथेच रेंगाळले. मग रोज जाऊ लागले. माझं अक्षर चांगलं म्हणून ती मला कॅसेटवर नावं लिहायला देई. मला 'साहित्य' म्हणे. "ए साहित्य, चहा ठेव." "ए साहित्य, एवढं शिकून तुला पेनाचं झाकण लावता येत नाही का गं?"

मागच्या उन्हाळ्यात एक बाई अकरा कॅसेटी घेऊन आली. चाळिशीची, हसरी. पुठ्ठ्याचा खोका तिने बाळासारखा कडेवर घेतला होता.

"सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस आहे. सासूबाई गेल्या चार वर्षांपूर्वी. सगळ्या टेपांमध्ये त्या आहेत. आम्ही भिंतीवर मोठं करून दाखवणार आहोत, म्हणून जरा नीट..."

"नीटच करते मी," ताई म्हणाली. "नाव?"

सुनेने सासऱ्यांचं नाव सांगितलं. ताईने वहीत आडनाव लिहिलं आणि पेन थांबलं. मी शेजारीच होते म्हणून पाहिलं. शाईचा ठिपका कागदावर मोठा होत गेला.

"संस्थेत होते का? शिक्षकांच्या ट्रेनिंगच्या?"

"हो! व्हिडिओ विभागाचे प्रमुख होते. तुम्ही ओळखता बाबांना?"

"बघितलंय."

तिने एकेक कॅसेट हुंगली. अकरावीपाशी तोंड वाकडं केलं. कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसत होती.

"ही जमेल ना?" सून एकदम गंभीर झाली. "बाकीच्या टेपांमध्ये आई नुसत्या दिसतात. कॅमेरा आला की हाताने हाकलायच्या. या एकीत त्या बोलल्यात म्हणे. बाबांना खरं तर हीच हवीय. रोज विचारतात."

"वेळ लागेल. हाताने साफ करावी लागेल." ताईने वही मिटली. मग अगदी सहज, रोज दहा जणांना विचारते तसं विचारलं, "मशीन आहे का अजून घरी? ज्यावर या भरल्या ते?"

"माळ्यावर असेल. बंद आहे. एकदा टेबलावरून पडलं होतं, मी लग्न होऊन येण्याच्या कितीतरी आधी. कशाला?"

"टेप ज्या मशीनवर भरली, त्यावरच सगळ्यात स्वच्छ दिसते. माहेरी गेलेल्या मुलीसारखी. दुसरीकडे तोंड शिवून बसते, तिथे मोकळी बोलते."

सून हसली. "आणते की मग!"

ती गेल्यावर ताई दाराशी जाऊन उभी राहिली. चहा नव्हता हातात. मी विचारलं, काय झालं. तिने वळून न बघता सांगायला सुरुवात केली.

एकतीस वर्षांपूर्वी ती त्या संस्थेत टेपांचं काम बघायची. कपाटाची चावी तिच्याकडे असे. साहेब, म्हणजे या सुनेचे सासरे, तिचे वरिष्ठ. संस्था काढणाऱ्या मोठ्या बाई तेव्हा नव्वदीच्या होत्या. त्या आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर बसल्या नव्हत्या. ताईने सहा महिने त्यांच्या मागे लागून त्यांना बसवलं. चाळीस मिनिटं त्या बोलल्या. सहा दिवसांनी गेल्या. जगात त्यांची तेवढीच एक टेप. ताईने कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडून टाकली होती. ती मोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. भरायचंच असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागते.

वर्षाने हॉलमध्ये स्मृतिदिन. दोनशे माणसं. ताईने टेप लावली. वीस सेकंद मोठ्या बाई दिसल्या. चष्मा सारखा केला, म्हणाल्या, "करू का सुरू?" मग पडद्यावर सप्तरंगी पट्टे आले. मग मुंग्या, आणि मुंग्यांच्या मागे कुणीतरी दोघं टेनिस खेळत होते.

"हॉल हसला," ताई म्हणाली. "सगळा हॉल. मोठ्या बाईंची बहीण पुढच्या रांगेत होती. ती सोडून सगळे. मी मशीनजवळ उभी. बंद करायला हात उचलेना. साहेब उठले, स्वतः बंद केलं आणि माइकवर म्हणाले, चावी आमच्या बाईंकडे असते, आम्ही चौकशी करू."

"मग?"

"मग चौकशी केली. मी सांगितलं, संस्थेच्या मशीनवर भरलं असतं तर संस्थेच्या मशीनवर स्वच्छ दिसलं असतं. मोठ्या बाई स्वच्छ दिसतात, टेनिस दिसत नाही. म्हणजे टेनिस बाहेर कुठेतरी, बिघडलेल्या मशीनवर भरलंय. टेप ज्यावरून सरकते तो आतला खांब वाकडा असला की मशीन वाकडं लिहितं, आणि स्वतःचं वाकडं फक्त त्यालाच वाचता येतं. तर एक जण म्हणाला, बाई, मशीनला काय आडनाव असतं का? पुन्हा हसले. साहेब सगळ्यात मोठ्याने."

टेप आदल्या महिन्यात साहेब घरी घेऊन गेले होते. दोन दिवस. वहीत नोंद नव्हती, कारण साहेबांच्या नावाची नोंद करायची पद्धत नव्हती.

"आमचा दादा म्हणाला, सही कर आणि मोकळी हो. मी माफीनाम्यावर सही केली. तो मला स्टाफसमोर मोठ्याने वाचायला लावला. वाचला. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. जाताना ती टेप कचऱ्यातून उचलून आणली. दहा वर्षांनी संस्थेने मशीनं भंगारात काढली, तेव्हा हॉलमधलं हे मशीनही उचलून आणलं." तिने कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. "आणि तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये ती टेप घालून बघते."

"एकतीस वर्षं हे मनात ठेवलंस?"

"डूख धरला की वर्षं मोजत नाहीत, साहित्य."

दोन दिवसांनी सून मशीन घेऊन आली. जुन्या चादरीत गुंडाळलेलं. ती गेली, वरचं ड्रिल थांबलं. एक वाजला होता. ताईने मशीन उघडलं. दोन पट्टे बदलले, ड्रम पुसला, दोन खांबांना तेलाचा थेंब दिला. एका बाजूचा खांब किंचित कललेला होता. तिने तो मला दाखवला आणि त्याला हात लावला नाही. मग स्वतःची टेप घातली.

आधी मुंग्या आल्या. त्या मुंग्यांत मोठ्या बाई होत्या, ओळखू न येणाऱ्या. मग सप्तरंगी पट्टे. मग हिरवं मैदान.

हिरवंगार. चुन्याच्या रेषा सरळ. एका खेळाडूच्या मनगटावर पट्टा होता, त्याची शिवण दिसत होती. ताई पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली.

"बघ," ती म्हणाली. "चेंडू दिसतोय."

ती हसत होती. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

पुढचे तीन आठवडे तिने साहेबांच्या दहा टेपांवर काम केलं. मी असं काम पाहिलेलं नाही. प्रत्येक टेप तीन-तीनदा लावायची. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी चरे येतात, म्हणून तिन्ही वेळचं चित्र एकमेकांवर ठेवून चरे काढायची. रंग वाढवला नाही. कडा ओढल्या नाहीत. अर्धं चित्र फेकलं नाही. साहेबांची बायको दोरीवर कपडे वाळत घालताना, बायको पायरीवर बसून पुस्तक वाचताना, बायको कॅमेऱ्याला हाताने हाकलताना. तिच्या बोटातली अंगठी सैल होती आणि ती सारखी अंगठ्याने वर सरकवत होती. हे आधी कुणालाच दिसलं नसेल.

"एवढं कशाला करतेस त्याच्यासाठी?" मी विचारलं.

"धूसर असतं तर लोक पाच मिनिटांनी गप्पा मारायला लागतात. स्वच्छ असलं की बघत राहतात. त्याने बघत राहायला हवं." ती माझ्याकडे वळली. "मधे माझी टेप घालणार आहे."

मी पेनाचं झाकण लावलं. मग बोलले. "ताई, बायकोच्या आठवणी आहेत त्यांच्या. सगळं घर बसलेलं असेल. नातवंडं असतील."

"हॉलमध्ये मोठ्या बाईंची बहीण होती."

"तू त्यांना एकटं गाठून विचार ना."

"एकटं गाठून त्याने मला मारलं नव्हतं. माणसं जमवून मारलं होतं." तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "दोन ओळी लिही. तुझं अक्षर नको, भाषा हवी. साधी. लहान पोराला कळेल अशी."

मी लिहिल्या. हे मला सांगायला हवं. पहिली ओळ: 'हीच टेप, संस्थेच्या मशीनवर.' दुसरी: 'हीच टेप, साहेबांच्या घरच्या मशीनवर.' ताईने वाचून मान डोलावली. "याला म्हणतात शिक्षण," ती म्हणाली. मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतं का होईना, फार बरं वाटलं.

वाढदिवस दुपारी चारला होता. सुनेने ताईला आग्रहाने बोलावलं, वर "तुमच्या मुलीलाही आणा" म्हणाली. ताईने तिची चूक दुरुस्त केली नाही. दिवाणखान्यात वीस-बावीस माणसं. पडदे ओढलेले. समोरच्या भिंतीवरची चित्रं काढून खिळे तेवढे ठेवले होते. साहेब पुढच्या खुर्चीत बसले होते. लहान चणीचे, धुवून ठेवल्यासारखे स्वच्छ, कानात यंत्र. ताईकडे बघून त्यांनी हात जोडले. ओळखलं नाही.

चित्र सुरू झालं. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"आई! अगं आई बघ!"

"दादा, तू चड्डीत आहेस."

"तो दादा नाही, तो मी. दादाचे कान बघ, लपतात का कुठे?"

"बाबा, नीट दिसतंय ना?"

साहेब पुढे झुकले होते. भिंतीवर त्यांची बायको कपडे वाळत घालत होती आणि ते तिच्या हातांकडे बघत होते. त्यांचा स्वतःचा अंगठा बोटावर फिरत होता. मला वाटलं, आत्ता उठावं आणि वायर ओढावी. मी उठले नाही.

मग भिंत काळी झाली. मोठ्या बाई आल्या. चष्मा सारखा केला. "करू का सुरू?"

"या कोण?" कुणीतरी विचारलं.

सप्तरंगी पट्टे. मुंग्या. माझी पहिली ओळ. मग पुन्हा तोच क्षण, हिरवंगार मैदान, मनगटावरची शिवण, आणि माझी दुसरी ओळ.

"मॅच कशाला मधेच?" थोरला मुलगा म्हणाला. "बाई, तुमच्याकडून काहीतरी मिक्स झालंय."

"माझ्याकडून नाही," ताई म्हणाली. ती उभी राहिली होती. "साहेब, ओळखलंत का? चावीवाली बाई."

साहेबांनी मान वळवली. ओळख त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आली.

"बंद करा," ते म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही बंद केलंत. आज मी करीन, मला वाटेल तेव्हा." तिने पिशवीतून कॅसेट काढली. पिवळी पडलेली चिकटपट्टी अजून भोकावर होती. तिने ती त्यांच्या नाकासमोर धरली. "ही कुणी लावली? सगळ्यांना कळू दे."

"अहो, वाढदिवस आहे आज," मुलगा पुढे आला. "हा काय प्रकार?"

"तेव्हाही कार्यक्रमच होता."

साहेबांनी हात वर करून मुलाला थांबवलं. "चिकटपट्टी मी लावली," ते म्हणाले. "मला वाटलं, दुसरी प्रत असेल. मी गावाला निघालो होतो, मॅच चुकणार होती. हिला सांगितलं, चारला बटण दाब. हिने दाबलं." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे अजून टेनिस चाललं होतं. "हॉलमधून आल्यावर मी तिला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन खरं सांगा. पण तिचं नाव आलं असतं."

"म्हणून माझं आणलंत."

त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं.

"तिचं नाव जड झालं. माझं हलकं होतं, नाही का?"

सोफ्याच्या हातावर बसलेल्या सहा-सात वर्षांच्या नातीने विचारलं, "पण आजोबा, जिंकलं कोण?"

कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. साहेब म्हणाले, "मला माहीत नाही, बाळा. मी ती मॅच कधी बघितलीच नाही."

मला वाटलं, इथे संपलं. ताईला हवं ते मिळालं. ते म्हातारे, आपल्याच घरात, आपल्याच माणसांसमोर उघडे पडले होते. पण ताईने कॅसेट पिशवीत ठेवली आणि अगदी कामाच्या आवाजात बोलली.

"अकरावी टेप माझ्याकडे आहे. तुमच्या मिसेस बोलतात ती. साफ करायला महिना लागेल. महिन्याने संस्थेत मोठ्या बाईंचा स्मृतिदिन आहे. त्याच हॉलमध्ये उभं राहून सांगा, तुम्ही काय केलंत आणि मला काय करायला लावलंत. त्या संध्याकाळी टेप तुमच्या घरी येईल. आत्ता पाहिलंत त्याहून स्वच्छ."

"मला जिने चढवत नाहीत."

"मग लिहून द्या. दुसरं कुणी वाचेल. मीही दुसऱ्याचंच लिहिलेलं वाचलं होतं."

सून आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. ती रडत होती. "मी तुम्हाला विश्वासाने सगळं आणून दिलं हो," ती म्हणाली. ताई थांबली. मला वाटलं, आता तरी 'माफ करा' म्हणेल. ती म्हणाली, "तुझ्यावर माझा राग नाही," आणि जिना उतरायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ताईने अकरावी टेप घेतली. तोंडाला फडकं, हातात मोजे, दार सताड उघडं. बुरशीची टेप मशीनमध्ये घातली तर मशीनही आजारी पडतं आणि टेपही फाटते. म्हणून कॅसेट उघडून दोन्ही चकत्या बाहेर काढायच्या. हाताने एक वेढा सोडायचा, मऊ फडक्यावरून दोन्ही अंगांनी पुसून घ्यायचा, दुसऱ्या चकतीवर चढवायचा. की पुढचा वेढा. दोनशे मीटरच्या वर टेप. घाई केली तर चुरगळते, आणि चुरगळली की ती जागा कायमची गेली. ताई रोज दोन तास करायची. त्याहून जास्त केलं तर हात कापतो, म्हणायची.

मी शेजारी बसून बघत असे. सूड घेणारी बाई इतक्या हळुवार हाताने काम करताना बघणं विचित्र होतं.

"खरंच देणार आहेस ना?" मी एकदा विचारलं.

"शब्द दिलाय. मी त्याच्यासारखी नाही."

"आणि त्यांनी नाही लिहिलं तर?"

"तर बुरशी आहेच. तिला माझी मदत लागत नाही. अर्धवट सोडली की परत पसरते."

सुनेने पत्र आणलं तेव्हा निम्मी टेप साफ झाली होती. ती आत आली नाही, उंबऱ्यापाशी उभी राहिली. ताईच्या हातात मोजे होते. "साहित्य, वाच," ती म्हणाली.

पत्र संस्थेच्या अध्यक्षांना होतं. अक्षर थरथरलेलं, पण ओळी सरळ. मी मोठ्याने वाचलं. 'सदर ध्वनिचित्रफीत माझ्या दिवंगत पत्नीच्या हातून अनवधानाने पुसली गेली होती, असे माझ्या निदर्शनास आले आहे. त्यामुळे तत्कालीन कर्मचाऱ्यांस झालेल्या त्रासाबद्दल मला खेद वाटतो. कळावे.' खाली सही.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"चिकटपट्टी?"

"नाही."

"माफीनामा मला वाचायला लावला, ते?"

"नाही."

"आणि मी?"

"'तत्कालीन कर्मचारी'," मी म्हटलं.

ताई हसली नाही, चिडलीही नाही. "तेव्हा बायकोला वाचवायला मला पुढे केलं. आता स्वतःला वाचवायला बायकोला. बाई बदलली फक्त."

"ताई, तीन दिवस बसून लिहिलंय हो त्यांनी," सून म्हणाली. "किती कागद फाडले. हात बघा ना कसा कापतोय अक्षरात. ते रोज विचारतात, टेप झाली का. थकलेत ते आता."

"घरच्यांसमोर बोलले ते लिहायला काय झालं?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी पत्राची घडी घालत होते.

ताईने एक मोजा काढला. मग दुसरा. दोन्ही टेबलावर ठेवले, उलटे झालेले सरळ करून. "त्यांना सांगा, पुन्हा लिहा," ती म्हणाली. "मी आहे इथेच."

स्मृतिदिन होऊन गेला. हॉलमध्ये काय वाचलं गेलं, की काहीच वाचलं गेलं नाही, हे आम्ही विचारलं नाही. साहेबांकडून दुसरं पत्र आलेलं नाही. सून दोनदा फोन करून गप्प राहिली आणि ठेवला. मी ताईला म्हटलं, मला शिकव, उरलेली मी करते. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची कॅसेट हुंगायला घेतली.

अकरावी टेप टेबलाच्या डाव्या टोकाला आहे. दोन चकत्या, मधे वीतभर ताणलेली पट्टी. एक चकती काळीभोर, दुसरीच्या कडेला पांढरं. साफ झालेल्या भागात ती बाई काय बोलते, ते आम्ही ऐकलेलं नाही. टेप पुरी झाल्याशिवाय ती मशीनमध्ये घालता येत नाही. बशीत पाच स्क्रू आहेत. काल मी मोजले तेव्हा बुरशीची पांढरी कड आणखी एका वेढ्यावर पसरली होती.